विद्याधर भट्टाचार्य : हिशेबाच्या कचेरीतून नगररचनेकडे

भारतीय नगरांचा इतिहास बहुधा राजांच्या नावाने लिहिला गेला आहे. नगर कोणी वसविले, कोट कोणी बांधला, देवालये कोणी उभारली, या प्रश्नांची उत्तरे प्रशस्तींतून व शिलालेखांतून सहज मिळतात. परंतु ज्यांनी रस्त्यांची रुंदी ठरविली, जागांची वाटणी केली, मजुरांचे रोज मांडले आणि दगड-चुन्याचा खर्च तपासला, त्यांची नावे फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. जयपूर हा या नियमाला ठळक अपवाद होय. हे नगर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाच्या नावाबरोबर विद्याधर भट्टाचार्य या बंगाली ब्राह्मणाचे नाव तेथील लोकस्मृतीत जवळजवळ तीन शतके टिकून आहे. जुन्या शहरातील एक रस्ता त्याच्या नावाने ओळखला जातो; आग्ऱ्याच्या वाटेवर घाट की गूणी येथे त्याच्या स्मरणार्थ उद्यान आहे; आणि शहराच्या उत्तरेस विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आखल्या गेलेल्या विस्तृत वसाहतीला विद्याधर नगर असे नाव देण्यात आले आहे.

लोकस्मृतीतील विद्याधर हा शिल्पशास्त्राचा प्रकांड पंडित आहे. वास्तुपुरुषमंडलाचे नऊ कोष्ठक भूमीवर उतरविणारा, ग्रंथांतील वचनांना दगडात रूप देणारा, अशी त्याची प्रतिमा आहे. राज्याच्या दप्तरात आढळणारा विद्याधर याहून वेगळा आहे. तो आंबेर राज्याच्या हिशेबतपासणीच्या कचेरीतील एक कनिष्ठ अधिकारी आहे. या दोन प्रतिमांपैकी एक खरी मानून दुसरी टाकून द्यावी, असा मोह अभ्यासकांना अनेकदा झालेला दिसतो. वस्तुतः त्याच्या जीवनाचे मर्म या दोहोंच्या संबंधात आहे. जमाखर्चाची प्राथमिक तत्त्वे ज्याने आयुष्याच्या उमेदीत आत्मसात केली, त्याच्या हातून नगररचनेचे एवढे मोठे कार्य का घडले, हा त्याच्या चरित्राचा मुख्य प्रश्न होय.

विद्याधराचा जन्म १६९३ साली झाला असे सामान्यतः मानले जाते. त्याच्या घराण्याचा संबंध परंपरेने आंबेरच्या शिलादेवीशी जोडला जातो. राजा मानसिंहाने सतराव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील जेसोरहून ही देवीची मूर्ती आंबेरला आणली, आणि तिच्या पूजेअर्चेच्या निमित्ताने बंगाली ब्राह्मणांची काही घराणी येथे आली. वाळवंटाच्या उंबरठ्यावरील या डोंगरी राजधानीत तीन-चार पिढ्या राहून ही मंडळी ढूंढाडची झाली. तरी त्यांची बंगाली ओळख पुसली गेली नाही. पुढे कृष्णभट्ट कविकलानिधी याने ईश्वरविलास या संस्कृत महाकाव्यात विद्याधराचा उल्लेख केला, तेव्हाही त्याच्या वंगदेशीय कुळाची आठवण ठेवली. पौरोहित्याच्या वातावरणातील हा तरुण देवघराकडे न वळता दप्तराकडे वळला, ही त्याच्या आयुष्यातील पहिली महत्त्वाची घटना म्हणावी लागेल.

त्या काळी हिशेबाचे शिक्षण देणारी महाविद्यालये नव्हती. परंतु शिक्षण नव्हते असे मात्र नाही. मोगल अमदानीत राज्याचे आयव्यय मांडण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच तयार झाले होते. सियाक या नावाने ओळखली जाणारी विशिष्ट अंकलिपी व लेखनपद्धती हा त्याचा पाया होता, आणि ती शिकविणारे फारसी ग्रंथही रचले गेले होते. मुन्शी नंदराम कायस्थाचा सियाकनामा हा असा एक ग्रंथ १६९४ ते १६९६ या काळातला, म्हणजे विद्याधराच्या बालपणातलाच आहे. असे ग्रंथ हाताशी असले तरी खरे शिक्षण कचेरीत उमेदवारी करूनच मिळे. उमेदवार प्रथम दुसऱ्याने लिहिलेल्या नोंदींची नक्कल करी. मग रोजनाम्यात दिवसाची नोंद त्याच दिवशी कशी घ्यावी, त्या नोंदी निरनिराळ्या सदरांखाली कशा उतराव्या, महिन्याची व वर्षाची तेरीज कशी काढावी, हे तो क्रमाने शिके.

मराठी वाचकाला हा क्रम अपरिचित वाटणार नाही. पाढे, पावकी, निमकी यांच्या घोकंपट्टीपासून कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंदापर्यंतची वाट महाराष्ट्रातील कारकुनांच्या अनेक पिढ्यांनी चालली आहे. जमा, खर्च, बाकी, शिल्लक, रुजू हे शब्द आंबेरच्या व पुण्याच्या दप्तरांना समान होते. कारण दोहोंचे मूळ फारसी राज्यव्यवहारात होते. विद्याधर ज्या कचेरीत होता तिला मुस्तौफीची कचेरी म्हणत. मुस्तौफी म्हणजे हिशेब तपासून पुरा करणारा. शिवकालीन अष्टप्रधानांतील अमात्याला पूर्वी मुजुमदार म्हणत, त्याच्या कामाशी या पदाचे जवळचे नाते आहे.

या विद्येची तत्त्वे थोडी आणि साधी असतात, परंतु ती मनोवृत्ती घडवितात. आरंभीच्या शिलकेत जमा मिळवून खर्च वजा केला की अखेरची शिल्लक आलीच पाहिजे. ती आली नाही तर कोठे तरी नोंद चुकली आहे किंवा लबाडी झाली आहे. प्रत्येक रकमेला तिचे सदर असले पाहिजे. सदराविना रक्कम ही हिशेबात नसल्यासारखीच. धन्याची खाजगी मिळकत आणि राज्याचे उत्पन्न यांच्या वह्या वेगळ्या असल्या पाहिजेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लिहिणारा व तपासणारा हे एकच असता कामा नयेत. आज महाविद्यालयातील वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी हीच तत्त्वे निराळ्या नावांनी शिकविली जातात. विद्याधराच्या काळी ती परगण्यांच्या कागदांवरून शिकली जात.

आंबेर-जयपूर राज्याचे हे कागद आज बिकानेर येथील राजस्थान राज्य अभिलेखागारात मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. त्यांतील अडसट्टे म्हणजे परगण्यांच्या जमाखर्चाचे वार्षिक कागद होत. कोणत्या पिकावर रोकड आकार घ्यावयाचा, कोणत्या पिकाचा धान्यरूपाने वाटा घ्यावयाचा, याचा तपशील त्यांत गावानुसार व पिकानुसार दिलेला असतो. राजस्थानच्या कृषिव्यवस्थेवरील विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महत्त्वाचे संशोधन याच कागदांवर उभे राहिले. त्या वह्यांवरून नजर फिरविताना एक गोष्ट लक्षात येते. हिशेबतपासनीस हा राज्य कधी न पाहताही पाहत असतो. कोणत्या गावाला पाणी आहे, कोणते गाव ओसाड पडले, कोणता व्यापारी कोठून कोठे गेला, हे सर्व त्याच्यासमोर अंकांच्या रूपाने येते. नवी राजधानी वसविण्याचा विचार जेव्हा पुढे आला, तेव्हा राज्याचे असे समग्र चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर होते त्या मोजक्या माणसांत विद्याधर होता.

जयसिंह १६९९-१७०० च्या सुमारास अकरा वर्षांचा असताना गादीवर आला. आंबेर हे डोंगरांच्या खिंडीत वसलेले, संरक्षणाला उत्तम परंतु वाढीला अपुरे नगर होते. औरंगजेबानंतरच्या अस्थिर काळात जयसिंहाचे राज्य वाढत गेले, तसा हा अपुरेपणा अधिक जाणवू लागला. दक्षिणेकडील मैदानात त्याने आधीच जयनिवास हे उद्यान तयार करविले होते. त्याच मैदानावर १८ नोव्हेंबर १७२७ रोजी नव्या नगराचा पाया घातला गेला. या समारंभाचे पौरोहित्य जगन्नाथ सम्राट याने केले असे सांगितले जाते. जगन्नाथ हा महाराष्ट्रीय ब्राह्मण. युक्लिडच्या भूमितीचे रेखागणित या नावाने आणि टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचे सम्राट सिद्धान्त या नावाने अरबीच्या आधारे संस्कृत रूपांतर करणारा हा पंडित जयसिंहाच्या दरबाराचे भूषण होता. त्याआधी १७१३ मध्ये जयसिंहकल्पद्रुम हा धर्मशास्त्रग्रंथ सिद्ध करणारा रत्नाकर पुंडरीक हाही महाराष्ट्रीयच. नव्या नगराच्या पायाशी अशा रीतीने एक ढूंढाडी राजा, एक मराठी गणिती आणि एक बंगाली हिशेबनीस एकत्र आलेले दिसतात.

या तिघांत कोणाचे श्रेय किती, हा वाद जुना आहे. काहींच्या मते विद्याधर हाच नगराचा खरा शिल्पकार. काहींच्या मते योजना स्वतः जयसिंहाची असून विद्याधर केवळ तिची अंमलबजावणी करणारा होता. समकालीन पुराव्यात गिरिधारी याचे १७३९ मधील भोजनसार हे हिंदी काव्य महत्त्वाचे आहे. राजाने विद्याधराला नगर वसविण्याची व चौकाचौकांत दुकाने उभारण्याची आज्ञा दिल्याचे वर्णन त्यात येते. या वर्णनात आज्ञा राजाची आहे आणि ती पार पाडण्याचा भार विद्याधरावर आहे. कवीने नेमकी चौकांची व दुकानांचीच गोष्ट उचलावी, हे लक्षणीय आहे. जयपूर हे प्रथमपासून व्यापाराचे नगर म्हणून कल्पिले गेले, आणि व्यापाराच्या नगराची आखणी करताना शास्त्राइतकीच हिशेबाची गरज असते.

नगराची रचना पाहता हे अधिक स्पष्ट होते. पूर्वेकडील सूरजपोल व पश्चिमेकडील चांदपोल यांना जोडणारा सरळ राजमार्ग हा या रचनेचा कणा होय. त्याला छेद देणाऱ्या रस्त्यांमुळे मोठमोठ्या चौकड्या तयार झाल्या, आणि छेदांच्या ठिकाणी रामगंज चौपड, बडी चौपड व छोटी चौपड हे चौक निर्माण झाले. मुख्य रस्ता सुमारे १११ फूट रुंद ठेवून पुढील रस्ते क्रमाने त्याच्या निम्म्याने कमी, म्हणजे सुमारे ५५, २७ व १३ फुटांचे केले गेले. शास्त्रोक्त नवखंडी रचनेचा आधार घेतला असला तरी वायव्येकडील खंडाच्या जागी नाहरगडचा डोंगर आडवा आल्याने तो खंड सोडून पूर्वेकडे एक खंड वाढविण्यात आला. मधले दोन खंड एकत्र करून राजवाड्याला दिले गेले. ग्रंथातील आकृतीशी अशी तडजोड करताना एकूण जागेचा मेळ बिघडू दिला नाही. एका बाजूला वजा झालेले दुसऱ्या बाजूला जमा झाले. शास्त्राला धक्का न लावता व्यवहार साधणाऱ्या या वृत्तीत कचेरीतील उमेदवारीचा ठसा पाहणे अस्थानी होणार नाही.

बाजारातील दुकाने एकाच ठेवणीची करण्यात आली. दिल्ली, आग्रा व इतर ठिकाणच्या व्यापाऱ्यांना व सावकारांना करांत सवलती देऊन बोलाविण्यात आले. जागा वाटून देणे, अटी घालणे, सवलतींची मुदत ठरविणे आणि त्या सर्वांची नोंद ठेवणे ही कामे दप्तराची होती. राजवाड्याभोवतीच्या चौकड्यांत निरनिराळे व्यवसाय व जाती वसल्या. मोदीखाना, तोपखाना देश, पुरानी बस्ती, घाट दरवाजा ही त्या चौकड्यांची नावे अजून वापरात आहेत. मुख्य बाजारातून पाण्याचा कालवा नेलेला होता व चौपडींच्या मध्ये कुंड होते. हे कुंड पुढे बुजले, आणि एकविसाव्या शतकात भुयारी रेल्वेच्या खोदकामात ते पुन्हा दृष्टीस पडले. अवघ्या काही वर्षांत, एकाच पिढीच्या हातून एवढे नगर उभे राहिले, यामागे कारागिरांचे कौशल्य होतेच. परंतु पैसा, माणसे व जागा यांचा ताळमेळ दररोज घातला गेल्यावाचून ते शक्य नव्हते.

या कार्यामुळे विद्याधराची झपाट्याने बढती झाली. १७२९ मध्ये तो देश-दिवाण झाला. मुस्तौफीच्या कचेरीतील कनिष्ठ अधिकाऱ्यापासून दिवाणापर्यंतचा हा प्रवास दोन वर्षांत घडला असला, तरी त्याची तयारी त्यापूर्वीच्या दीर्घ सेवेत झाली होती. राज्याकडून मिळालेल्या बक्षिसांच्या व सन्मानवस्त्रांच्या नोंदी दस्तूर कौमवार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दप्तरात जातवार व व्यक्तिवार लावलेल्या आहेत. त्या दप्तराचे ३२ खंड आहेत. विद्याधराला मिळालेल्या सन्मानांची आठवणही याच वह्यांनी जपली आहे. ज्याने आयुष्यभर इतरांच्या नावांपुढे रकमा तपासल्या, त्याच्या स्वतःच्या चरित्राचा सर्वांत विश्वसनीय आधार हिशेबाच्या वहीतील नोंदी हाच उरावा, यात एक औचित्य आहे. मात्र वहीची मर्यादाही येथेच दिसते. सन्मान कोणत्या दिवशी व कोणाला दिला हे वही सांगते. त्या माणसाने रात्री दिव्याजवळ बसून कोणती रेघ पुसून कोणती नव्याने ओढली, हे ती सांगत नाही.

जयसिंहाच्या हयातीत जयपूर आणि मराठे यांचे संबंध मुत्सद्दीपणाचे होते. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातुःश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला गेल्या असता जयपूर येथे त्यांचा मोठा आदरसत्कार झाला, आणि १७३६ मध्ये जयसिंह व बाजीराव यांची भेट झाली. तोवर नवे नगर बरेचसे उभे राहिले होते. २१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंह निवर्तला आणि हे दिवस संपले. ईश्वरीसिंह गादीवर आला; धाकटा भाऊ माधोसिंह याने उदयपूरच्या पाठिंब्याने हक्क सांगितला. या भाऊबंदकीत मल्हारराव होळकर माधोसिंहाच्या बाजूने उतरले. १७४७ मध्ये राजमहाल येथे ईश्वरीसिंहाने जय मिळविला व त्याच्या स्मरणार्थ नगरात ईसरलाट हा उंच मनोरा उभारला. परंतु १७४८ मध्ये बगरू येथे त्याला माघार घ्यावी लागली. खंडणी मान्य झाली. ती भरण्याइतके द्रव्य खजिन्यात नव्हते.

राज्याच्या आयव्ययाची ही स्थिती विद्याधराला नवी नव्हती. सैन्याचा खर्च वाढलेला, परगण्यांची वसुली घटलेली, आणि मागणी मात्र दर खेपेस चढती, असा तो काळ होता. आता तो वृद्धत्वाकडे झुकला होता आणि दरबारातील सूत्रे केशवदास खत्री व हरगोविंद नाटाणी यांच्यासारख्यांच्या हाती गेली होती. परस्परांच्या द्वेषात केशवदासाचा विषप्रयोगाने अंत झाला. १७५० च्या अखेरीस थकलेल्या खंडणीच्या मागणीसाठी होळकरांचे सैन्य जयपूरजवळ आले, तेव्हा डिसेंबर महिन्यात ईश्वरीसिंहाने राजवाड्यात विष घेऊन जीवन संपविले. ज्या नगरात प्रत्येक दुकानाची जागा मोजून दिलेली होती, त्या नगराच्या राजाला आपल्यावरील देण्याचा मेळ कोणत्याही रीतीने घालता आला नाही.

माधोसिंह गादीवर बसला तरी शहरातील रोष शमला नाही. नव्या नगराचे वैभव पाहण्यासाठी, मंदिरांच्या दर्शनासाठी व खरेदीसाठी मराठ्यांच्या छावणीतील पुष्कळ माणसे कोटाच्या आत आली होती. १० जानेवारी १७५१ रोजी भर दुपारी नगराचे दरवाजे बंद झाले आणि रस्त्यांत त्यांची कत्तल सुरू झाली. हजाराहून अधिक माणसे मारली गेली. या घटनेचे वृत्तान्त मराठी पत्रव्यवहारात आलेले आहेत. व्यापाऱ्यांना मोकळेपणाने येता-जाता यावे म्हणून आखलेले सरळ रुंद रस्ते त्या दिवशी पळणाऱ्याला आडोसा देऊ शकले नाहीत. विद्याधराचे देहावसान याच १७५१ सालचे मानले जाते. आपण वसविलेल्या नगराचे भाग्य व दुर्भाग्य ही दोन्ही त्याच्या आयुष्याच्या मर्यादेत येऊन गेली.

एकाच माणसाचे चरित्र किती भाषांत विखुरलेले असू शकते, याचे विद्याधर हे उत्तम उदाहरण होय. संस्कृत महाकाव्याने त्याला कुळ व कीर्ती दिली, हिंदी काव्याने त्याचे कार्य सांगितले, ढूंढाडी हिशेबांनी त्याचा व्यवसाय व हुद्दा जपला, आणि मराठी पत्रांनी त्याच्या जगाचा अखेरचा अध्याय नोंदविला. यांपैकी कोणत्याही एका भाषेतील साधनांवर विसंबल्यास एकतर शास्त्रज्ञ पंडित उरतो किंवा केवळ कारकून. चारही साधने एकत्र ठेवली म्हणजे कारकुनीतून कर्तृत्वाकडे गेलेला माणूस दिसू लागतो. महाराष्ट्राच्या इतिहासातही हेमाद्री हा यादवांच्या श्रीकरणाचा, म्हणजे दप्तराचा अधिपती; त्याचे नाव लोकांनी बांधकामाच्या एका पद्धतीला दिले. नाना फडणीस हे तर फडणिशीच्या दप्तरातूनच राज्याच्या सूत्रांपर्यंत पोहोचले. दप्तर सांभाळणाऱ्यांच्या हातून राज्ये व वास्तू घडल्याची ही परंपरा अधिक अभ्यासास पात्र आहे.

२०१९ मध्ये जयपूरच्या कोटाच्या आतील नगराला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. त्यापूर्वी १९८० च्या दशकात शहर उत्तरेकडे वाढू लागले, तेव्हा नव्या वसाहतीची योजना बाळकृष्ण दोशी यांच्याकडे सोपविण्यात आली. १९२७ मध्ये, जयपूरच्या स्थापनेनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, पुण्यात जन्मलेल्या या वास्तुरचनाकाराने सुमारे १ लाख लोकवस्तीच्या विद्याधर नगराची कल्पना मांडताना जुन्या जयपूरच्या चौकांचा व बाजाररस्त्यांचा आधार घेतला. ती योजना जशीच्या तशी साकार झाली नाही. वाढत्या शहराने तिला आपल्या सोयीने वळविले. तरी नाव टिकले. त्या नगरातील महाविद्यालयांत आज वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आरंभीची शिल्लक, जमा, नावे आणि ताळेबंद हे धडे गिरवितात. ज्याच्या नावाच्या वस्तीत ते राहतात, त्या माणसाने आपल्या कर्तृत्वाचा आरंभ याच धड्यांनी केला होता, ही गोष्ट त्यांच्या पाठ्यपुस्तकात नाही. परंतु त्यांच्या शहराच्या प्रत्येक चौपडीत ती आखलेली आहे.